गणिताच्या बाईंचा होकार

शाळेतल्या गणिताच्या बाईंना नाही म्हणता येत नसे. सहल असो, कपाटं आवरणं असो, इतरांनी अंग काढून घेतलेलं काम शेवटी त्यांच्याच गळ्यात पडायचं. तसंच हेही पडलं. मुख्याध्यापिकांनी बोलावून सांगितलं, की आकारिक मूल्यमापनासाठी शिक्षकांना साहित्य पुरवणारे तीन ऑनलाइन संग्रह आहेत. ते तपासा आणि एक निवडा, पुढचं अख्खं वर्ष सगळी शाळा तोच वापरेल. मग दाराबाहेरच्या माणसाला आत यायची खूण करता करता त्यांनी विचारलं, "समजलं ना?"

बाई म्हणाल्या, "हो."

समजलं कसलं, कपाळ! आकारिक म्हणजे परीक्षेची वाट न बघता, शिकवता शिकवताच मुलाचं कुठे अडतंय ते बघणं, इतपत त्यांना ठाऊक होतं. पण संग्रह तपासायचा म्हणजे नेमकं काय तपासायचं?

घरी येऊन पहिला उघडला, तर तो उघडतच गेला. इयत्तेगणिक, धड्यागणिक कृतिपत्रिका, आणि प्रत्येकीला पाचपैकी पाच तारे. ते कुणी दिले आणि का, याचा पत्ता नाही. दुसरा देखणा होता. बरोबर उत्तराला टाळ्या वाजायच्या, चुकलं की नुसतं 'पुन्हा प्रयत्न करा'. तिसरा अगदीच रुक्ष. प्रश्न मोजके, पण प्रत्येक चुकीच्या उत्तराखाली लिहिलेलं, की मुलाने हे निवडलं तर त्याच्या डोक्यात काय चाललं असेल. एक अष्टमांश हा एक चतुर्थांशापेक्षा मोठा म्हणणारं मूल नुसते आठ आणि चार बघतं, असं. बाई खुर्चीत सरळ बसल्या. त्यांची निम्मी सहावी हेच म्हणायची. तिथेच खाली एक सूचना होती: वर्गाला 'समजलं का' विचारू नका, सगळे हो म्हणतात, एखाद्याला त्याच्या शब्दांत सांगायला लावा. बाईंना ते जरा लागलं. आयुष्यभर त्या हेच विचारत आल्या होत्या. शिवाय या संग्रहात भूमिती नव्हती, आणि भाषा-इतिहासाच्या नावाने तर ठणठणाट.

मग त्यांनी शिक्षकांना जे जमतं तेच केलं. तक्ता आखला, गुण दिले, बेरीज केली. तिन्ही संग्रहांना सारखेच! मांडणीला जास्त गुण ठेवले की दुसरा वर, विषयांना ठेवले की पहिला वर. नवरा म्हणाला, डोळे मिटून कुठेही बोट ठेव. तो गमतीत बोलला, पण बाईंना रडूच आलं. चुकीचं लोढणं शाळेच्या गळ्यात बांधलं, तर वर्षभर शिक्षकखोलीत तोंड दाखवायची सोय नव्हती. आणि कळत नाही असं सांगावं, तर गणिताच्या बाईंना कळत नाही?

शिक्षकांच्या बैठकीत त्यांनी तिन्ही संग्रह पडद्यावर दाखवले, तक्ता दाखवला, गुण वाचले. चित्रकलेच्या सरांची नजर घड्याळावर होती. बोलणं संपलं आणि सवयीने बाईंच्या तोंडून निघून गेलं, "समजलं?"

सगळे म्हणाले, "हो."

इतक्या एका सुरात, की बाई दचकल्या. हा सूर त्यांच्या चांगला ओळखीचा होता. घंटा व्हायच्या आधी सहावीचा वर्ग असाच हो म्हणतो.

त्यांना काय झालं कुणास ठाऊक. त्या मुख्याध्यापिकांकडे वळल्या. "तुम्ही सांगा ना, तुमच्या शब्दांत. यातला कुठला घ्यावा, आणि कशावरून?"

मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुम्ही सांगितलंत तेच की."

"मी काय सांगितलं ते मलाच समजलेलं नाही."

बाई थांबल्या नाहीत. गुण दिले, बेरजा केल्या, पण तुमच्या वर्गात मुलं कुठे अडतात हे कुणालाच विचारलं नाही, आणि आता काय निवडावं ते खरंच कळत नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. चित्रकलेच्या सरांनी घड्याळावरची नजर काढली. मला तर आकारिक म्हणजे काय तेच कळलेलं नाही, ते पुटपुटले. आणखी दोघांनी माना हलवल्या.

मुख्याध्यापिकांचा चेहरा उतरला. "मग त्या दिवशी हो का म्हणालात?"



"तुम्ही 'समजलं ना?' असं विचारलंत," बाई म्हणाल्या, "म्हणून."