अण्णांचे गोल्फवाले

आमच्या अण्णांनी आयुष्यात गोल्फची काठी हातात धरली नाही, पण कोणता गोल्फवाला मनाने चांगला आणि कोणता घमेंडखोर, हे ते छातीठोकपणे सांगत. बदनापूरच्या संशोधन केंद्रात तूर-हरभऱ्याच्या वाफ्यांवर नोकरी करून माझे वडील निवृत्त झाले, त्याच सुमारास आमच्या गल्लीत केबल आली. भर उन्हाळा होता. चॅनल फिरवता फिरवता पडद्यावर हिरवंगार गवत आलं आणि अण्णांचं बोट थांबलं.

"एवढं गवत, अन् एक बी बैल न्हाई," ते म्हणाले. पुढची दोन वर्षं त्यांनी दुसरं काही पाहिलं नाही.

समालोचन इंग्रजी, म्हणून आवाज बंद. खेळाचे नियम त्यांना ठाऊक नव्हते आणि ते कुणाला विचारावेत असंही त्यांना कधी वाटलं नाही. ते माणसं बघत. काठ्यांचा झोळा वाहणाऱ्या गड्याशी खेळाडू कसा वागतो, उखडलेलं गवत पायाने दाबून परत बसवतो की तसाच पुढे जातो, यावर त्यांचा निकाल लागे. त्यांचे तीन खेळाडू ठरलेले होते. एक लाल टोपीवाला, सदा हसरा. एक चष्मेवाला, सदा तोंड फुगवलेला. आणि एक पोटवाला. त्याने एकदा पावसात स्वतः भिजत गड्याच्या डोक्यावर छत्री धरली होती. त्या दिवशी अण्णांनी आईला चुलीपासून हाक मारून बोलावलं आणि ती छत्री दाखवली.

गुणांचा हिशेब त्यांच्या लेखी सरळ होता. नावापुढे अधिक असेल तो जिंकतोय, वजा असेल तो हरतोय. "लाल टोपीवाला बघ. वजा बाराला गेला बिचारा, तरी हसून राह्यला. अन् ह्यो चष्मेवाला अधिक असून तोंड वाकडं. किती गर्व असावा माणसाला." आम्हालाही ते पटे. शेवटी कप कुणाला मिळतो हे बघायची सोय नव्हती, कारण चार वाजले की लाईट जायची. ती सातला यायची, तेव्हा पडद्यावर कुस्त्या चालू असायच्या.

हीच फूटपट्टी अण्णांनी माझ्यासाठी येणाऱ्या स्थळांना लावली, तिथून माझी पंचाईत सुरू झाली. पाहुण्यांना आणायला ते स्वतः स्टेशनवर जात आणि गाडीतून कोण काय घेऊन उतरतं ते बघत. एका मुलाची बॅग त्याच्या म्हाताऱ्या चुलत्याने उचलली होती. ते स्थळ स्टेशनवरच संपलं, पोहे मात्र आम्हाला करावे लागले. दुसरा रिक्षावाल्याला अरे-तुरे बोलला. तिसऱ्याचं काय चुकलं ते अण्णांनाच माहीत. आई म्हणायची, "अहो, पोरगी घरात ठेवायची का लोणचं घालून?"

चौथं स्थळ तीर्थपुरीकडचं होतं. मुलगा जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत. त्याला मी आधी पाहिलं होतं. मी जालन्याला ज्या शाळेत शिकवत होते, तिथे तो मुलांना बियाण्यांची माहिती सांगायला आला होता आणि जाताना सगळे बाक स्वतः जागेवर लावून गेला होता. तेव्हापासून मला तो हवा होता. घरात हे बोलायची सोय नव्हती, म्हणून मी राजूरच्या गणपतीला बोलले.

तो आला, सोबत पुण्याला राहणारे त्याचे मामा. मामांची बॅगही त्याच्याच हातात होती, त्यामुळे अण्णा घरी आले तेच खुशीत. दुपारचे तीन वाजले होते, लाईट होती. अण्णांनी कौतुकाने टीव्ही लावला. मी चहाचा ट्रे घेऊन दारात आले तेव्हा ते पाहुण्यांना सांगत होते, "हे लाल टोपीवालं बघा. सगळ्यात मागं हाय, वजा नऊ. पण चेहऱ्यावर दुःख हाय का? माणूस असा असावा."

मामा हसायला लागले. त्यांच्या साहेबांच्या क्लबात गोल्फ होता म्हणे. "अहो, यात कमी टोल्यात काम करेल तो जिंकतो. वजावाला पहिला असतो. जिंकणारा हसणारच की."

अण्णांनी पडद्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग हातातल्या रिमोटकडे. दोन वर्षं गल्लीभर सांगितलेलं सगळं उलटं झालं होतं. मला मामांचा इतका राग आला की त्यांचा चहा मी सगळ्यात शेवटी ठेवला. आता हे स्थळही गेलं, असं मी मनात म्हटलं. ज्या घरासमोर मान खाली गेली, त्या घरात अण्णा मुलगी देणार नव्हते.

तेवढ्यात मुलगा म्हणाला, "काका, मला बी सहा महिने असंच वाटून राह्यलं होतं. ज्याच्यासाठी हळहळलो, त्यालाच कप दिला, तवा कुठं समजलं."

अण्णांनी मान वर केली. "तुम्ही बघता?"

"बघतो की."

"मंग चष्मेवाला इतके दिवस हरून राह्यल्ता म्हणायचं," अण्णा म्हणाले. "त्याला मी उगीच गर्विष्ठ ठरवलं." मग एकदम त्यांना आठवलं. "अन् पोटवाला? त्याचं तर कायम अधिक असतंय."

"म्हंजे तो बी हरतोय," मुलगा म्हणाला.

"हरून छत्री धरली त्यानं," अण्णा म्हणाले आणि खूश होऊन त्यांनी पोह्यांची दुसरी बशी मागवली. चार वाजता लाईट गेली, तरी गप्पा चालू राहिल्या. पाहुण्यांना गाडीत बसवून अण्णा परत आले आणि चपला काढता काढता आईला म्हणाले, "पसंत हाय. पोरीला इचार." मला विचारायला आई आत आली, तेव्हा मी आधीच हसत होते.

लग्नाला वर्ष झाल्यावर एकदा मी नवऱ्याला म्हटलं, टीव्हीवर गोल्फ लागलाय, बघत का नाहीस? तो म्हणाला, "त्यात काय बघायचं? मी तुमच्याच घरी पहिल्यांदा पाह्यला. त्या दिवशी मामा बोलले नसते तर वजा म्हंजे काय, मला बी कळलं नसतं."

मी पोट धरून हसले. माहेरी गेल्यावर अण्णांना ते सांगितल्याशिवाय मला राहवलं नाही. तुमच्या जावयाने तुम्हाला चांगलं गंडवलं, म्हटलं.

अण्णा पोटवाल्याचा खेळ बघत होते. मान न वळवता म्हणाले, "त्याला गाडीत बसवायला गेल्तो, तवा स्टेशनवरच कळल्तं मला. मी त्याला इचारलं, त्या झोळेवाल्या गड्याला बी कधी एखादा टोला मारू देतेत का? म्हणला, हो, सणासुदीला देतेत."

"मग तरी पसंत केलात?"

"तर काय," अण्णा म्हणाले. "त्या दिवशी माह्या डोक्यावर छत्री धरल्ती त्यानं."