रत्नमालाने दाखवलेली आंधी

रत्नमाला वानखेडे जयपूरला झालाना भागातल्या एका खासगी हवामान कंपनीत काम करते. वडील रेल्वेत होते, नागपूरहून बदली होऊन आले आणि इथलेच झाले. मे महिन्यातल्या एका दुपारी शहराच्या जगतपुरा भागात धुळीची आंधी उठली आणि तिचा भाऊ सुखदेव, बांधकामावरचा इंजिनिअर, कोसळलेल्या परांचीखाली सापडून गेला. सकाळीच तिने त्याला सांगितलं होतं, "आज आकाश स्वच्छ आहे, जा बिनधास्त."

भेटायला आलेले तिचे साहेब माथुर म्हणाले, "आंधी फार लहान होती. आपल्या अंदाजाच्या कॉम्प्युटर मॉडेलला दिसलीच नाही. यात कोणाचा दोष नाही."

शहराचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येकाचा वेगळा हिशेब करणारं नवं मॉडेल तिने वर्षभर आधीच तयार केलं होतं. "जुनं चाललंय ना," म्हणून माथुरांनीच ते बाजूला सारलं होतं.

पुढे मालकांनी नवं मॉडेल घ्यायचं ठरवलं. ग्राहकांना ते दाखवायचं काम तिने मागून घेतलं आणि उदाहरण म्हणून तोच दिवस निवडला. पडद्यावर जुन्या मॉडेलच्या नकाशात जगतपुरा कोरा होता, नव्याच्या नकाशात सकाळपासूनच धोक्याचा लाल.

"हे तेव्हा का नव्हतं?" एका बिल्डरने विचारलं.

"होतं. माथुरसाहेब नको म्हणाले," असं सांगून तिने नकाशा पुन्हा पहिल्यापासून लावला. ग्राहकांमध्येच बसलेल्या माथुरांची मान वर झाली नाही.

महिन्याभरात त्यांना नोकरी सोडावी लागली. जाताना ते म्हणाले, "रत्नमालाजी, तुम्ही सूड घेतलात."

"हो," ती म्हणाली.

घरी आईने विचारलं, "आता बरं वाटते का तुला?"

"खूप," ती म्हणाली आणि ताट वाढून घेतलं.