राणीछाप भावजी

आमच्या भावजींनी नाणं कधी चपट्या बाजूनं धरलं नाही. अंगठा एका कडेला, मधलं बोट दुसऱ्या कडेला आणि मधे नाणं. तान्ह्या पोराची हनुवटी धरून तोंड पुसावं तसं. कोणी अजाणता नाण्यावर बोट टेकवलं की ते हळूच काढून घ्यायचे आणि म्हणायचे, "आवं, राणी हाय ती. तिच्या तोंडावर अंगठा ठिवता व्हय?" मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे वाक्य माझ्या वाट्याला आलं. मला वाटलं, थोरले दीर रागावले. पुढं कळलं की हे ते सगळ्यांनाच म्हणतात, आल्यागेल्या पाहुण्यालासुद्धा.

भावजी म्हणजे आमच्या ह्यांचे थोरले भाऊ. एस.टी.त कंडक्टर होते, बरीच वर्षं सातारा-सांगली गाडीवर. त्या काळी वाटेवरच्या गावांतून म्हाताऱ्या चढायच्या, कनवटीला काय बांधलंय हे त्यांचं त्यांनाही धड ठाऊक नसायचं. तिकिटाला इंग्रजाच्या वेळची चवली पुढं करायच्या. दुसरा कुणी असता तर "आजी, हे मोडीत निघालंय" म्हणून खाली उतरवलं असतं. भावजी तिकिटाचे पैसे आपल्या खिशातून भरायचे आणि चवली ठेवून घ्यायचे. तिथून हा छंद लागला. ड्रायव्हर लोकांनी त्यांचं नाव ठेवलं राणीछाप. डेपोत तेच चालायचं. एकदा घरी निरोप घेऊन आलेल्या माणसानं मलाच विचारलं, "राणीछाप हायत का घरात?" मी म्हटलं, "एक राजा हाय आन दोन राण्या. कोण पायजे?" भावजी आतून हसले. ते मोठ्यानं हसत नसत, खांदे तेवढे हलायचे.

नाणी जपण्याची त्यांची रीत सांगण्यासारखी होती. प्लास्टिकच्या पिशवीत नाणं ठेवलेलं त्यांना खपत नसे. "घुसमटतं ते. घाम फुटतो, मग हिरवं पडतं." प्रत्येक नाण्याला पातळ बटर पेपरची घडी, मग जाड कागदाचं पाकीट, मग पत्र्याचा डबा, आणि डब्यात त्या बुटांच्या खोक्यात सापडतात ना, ओल शोषणाऱ्या पुड्या, त्या. या पुड्यांसाठी त्यांनी आम्हाला लाज आणली बघा. कुणाच्या घरी लग्न असलं की नवरदेवाला अहेर करतानाच विचारायचे, "बूट नवीन घेतलं असतील न्हवं? त्यातली पुडी टाकू नका." आमच्या कॉलनीत पोरांना नवे बूट आले की पोरं धावत पुडी आणून द्यायची.

दिवाळी जवळ आली की भावजींना चैन पडत नसे. आपल्याकडं लक्ष्मीपूजनाला घरातले जुने रुपये काढतात आणि चिंच लावून, राखेनं घासून लख्ख करतात. भावजी दारोदार फिरायचे. "घासू नका वो. पुजा करा, हळदकुंकू वाहा, पन घासू नका. दीडशे वर्सांचं कातडं हाय ते त्याचं." बायका तोंडापुरतं हो म्हणायच्या आणि त्यांची पाठ वळली की चिंच भिजत घालायच्या. माझी शेजारीण म्हणाली होती, "लक्ष्मीला काळ्या तोंडानं बसवू व्हय मी?" तिचंही काय चुकलं म्हणा.

निवृत्तीनंतर लोक त्यांच्याकडं नाण्याचं मोल विचारायला यायला लागले. अलीकडं तर फारच. मोबाईलवर कुणीतरी दाखवतं की अमक्या रुपयाला लाखो मिळतात, आणि माणसं रुमालात गाठ मारून येतात. एकदा रहिमतपूरचे एक आजोबा आले, नातीचं लग्न ठरलेलं, रुमालात पाचव्या जॉर्जचा एक रुपया. भावजींनी तो भिंगाखाली धरला, कड पाहिली, टेबलावर टाकून आवाज ऐकला. मग म्हणाले, "काका, चांदी चांगली हाय. पन असं रुपयं लाखांनी पडल्यात. चांदीच्या भावाला जाईल, वर जरा मिळंल." म्हातारा उठेना. "माझ्या बापाचा हाय वो ह्यो," म्हणाला. भावजी म्हणाले, "त्येचं मोल निराळं. त्ये मला करता येत न्हाई." मी चहा घेऊन आले होते, तिथंच दारात थबकले. कारण अक्का स्वयंपाकघरात होती, आणि तिच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं होतं.

अक्का म्हणजे भावजींची बायको, माझी थोरली जाऊ. माधवनगरची. तिची आई तिथल्या गिरणीत होती, तरुणपणीच विधवा झालेली. त्या माऊलीच्या गळ्यात एक रुपयांची माळ होती. चांदीचे राणीछाप, राजाछाप रुपये, प्रत्येकाच्या डोक्यावर कडी झाळून जोडलेली, आणि सगळे लाल-काळ्या गोफात ओवलेले. पोटाला चिमटा बसला तरी तिनं ती माळ मोडली नाही. जाताना लेकीच्या गळ्यात घातली. मी घरात आले तेव्हा अक्का सणावाराला ती घालायची. चालली की रुपये एकमेकांवर वाजायचे, त्यावरून अक्का कुठल्या खोलीत आहे ते कळायचं.

त्या माळेत भावजींना एक रुपया दिसला. एकोणीसशे अकरा सालचा. त्यावरच्या राजाच्या अंगरख्यावर हत्ती काढलाय, पण तो दिसतो डुकरासारखा. तेव्हा लोकांत कुरबुर झाली म्हणून सरकारनं ते रुपये मागं घेऊन वितळवले, थोडेच राहिले. नाणी जमवणारी माणसं त्याला डुकराचा रुपया म्हणतात आणि त्यासाठी जीव टाकतात. भावजी म्हणाले, "माळ दे जरा, सांगलीला दाखवून आनतो." अक्कानं दिली. नवऱ्यानं मागितली, तिनं दिली, त्यात काय.

संध्याकाळी भावजी आले ते कागदाच्या पाकिटात सुटे रुपये घेऊन. सांगलीच्या सोनाराकडून सगळ्या कड्या काढून घेतल्या होत्या. अक्का पाकिटाकडं बघत राहिली. "माळ कुठाय?" भावजी खुशीत होते, त्यांना प्रश्नच कळला नाही. "हीच की. मोजून घे, एक रुपया कमी न्हाई." अक्का म्हणाली, "व्हय. रुपयं हायत." आणि भाकरीचं पीठ मळायला बसली.

ती भांडली नाही, हेच वाईट झालं. भांडली असती तर भावजींना उमगलं असतं. तिनं ते रुपये परत हातात घेतले नाहीत. मंगळसूत्राखेरीज गळ्यात काही घातलं नाही, मुलाच्या लग्नातसुद्धा नाही. भावजींना वाटलं, बाईमाणसाचा राग, निवळेल. आणि गंमत बघा, कडी झाळलेल्या नाण्याला जाणकार किंमत देत नाहीत. कडी काढली तरी डोक्यावर व्रण राहतो. डुकराचा रुपयाही तसलाच निघाला. तो त्यांनी ठेवला. बाकीचे पुढं हळूहळू अदलाबदलीत गेले, दोन वाईच्या एका गुरुजींकडं, काही माधवनगरच्या एका जमवणाऱ्याकडं. व्रणाचं नाणं देऊन धड नाणं घ्यायचं, हा त्या छंदातला रोजचा व्यवहार.

दोन-तीन वर्षांपूर्वी अक्काला विसर पडायला लागला. आधी मीठ दोनदा, मग गावांची नावं, मग माणसं. पण माळ मात्र आठवली. सकाळी उठली की पिठाचा डबा उपसायची, गादी उलटायची. मला हाक मारायची, "शालन, माझी माळ कुठं ठिवली गं म्या? आई इचारंल." डॉक्टर म्हणाले, आता हे असंच राहणार. भावजी समोर बसून ऐकायचे. रोज. या बाईनं तोंडातून एक शब्द काढला नव्हता, आणि आता रोज तेच विचारत होती, आणि उत्तर ज्याच्याकडं होतं तो माणूस समोर बसलेला.

त्यांनी पहिल्यांदा बाजारातून चांदीची नवी माळ आणली. अक्कानं हातात तोलली, बाजूला ठेवली. "ही कुनाची? देऊन टाका ज्येची त्याला."

मग भावजी त्या वयात एस.टी.नं फिरले. वाईच्या गुरुजींनी दोन्ही रुपये परत दिले, काही न घेता. माधवनगरचा जमवणारा वारला होता, त्याच्या पोरानं सगळं वजनावर विकलं होतं. भावजी तिथून आले त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी डबे काढून बसले. जितके रुपये कमी पडत होते तितके त्यांनी स्वतःच्या संग्रहातून काढले, आणि काढले तेही उत्तमातले. कुणाचं बोट न लागलेली, टाकसाळीतून आल्यासारखी राणी. मी म्हटलं, "भावजी, साधं घाला की. अक्काला काय कळतंय?" ते म्हणाले, "तिला न्हाई कळत. मला कळतंय न्हवं."

सोनाराकडं मी बरोबर गेले होते. आमचा सोनार त्यांना ओळखणारा. त्यानं नाणी पाहिली आणि हात मागं घेतले. "दादा, ह्येला आग लावू? इतकी वर्सं तुमीच मला शिव्या घातल्या, नाण्याला झाळ देऊ नगं म्हनून."

"लाव."

"मातीमोल व्हतील."

"तू लाव गड्या. माझं बगू नगंस."

पण ते स्वतः बघत होते. निळी जोत नाण्यावर गेली, जुना करडा रंग क्षणात उडाला आणि चांदी पांढरीफटक झाली. एकेक रुपया झाला की ते तो हातात घ्यायचे. पूर्ण मुठीत, राणीचं तोंड तळव्याला लागेल असा.

पटवेकऱ्याकडून लाल-काळा गोफ गाठवून घेतला. दुपारी ओसरीत अक्काच्या मांडीवर माळ ठेवली. अक्कानं एकेक रुपया चाचपला. डुकराचा रुपया आला तिथं तिचं बोट थांबलं. मग तिनं माळ गालाला लावली आणि डोळे मिटले. मला वाटलं, झालं, या माणसाचं ओझं उतरलं.

अक्कानं डोळे उघडले, भावजींकडं पाहिलं आणि हात जोडले. "लय उपकार झालं दादा. कुठं गावली तुमाला?"

भावजी गोफाची गाठ ओढून बघायला लागले.

"आता येक करा दादा. आमच्या मालकांस्नी सांगू नका. मानूस वाईट न्हाई त्ये. पन त्येंच्या हाती लागली तर मोडत्यात."

मग भावजी म्हणाले, "न्हाई सांगत."

"गळ्याची आन घ्या."

त्यांनी दोन बोटांनी गळा धरला आणि आण घेतली. अक्कानं माळ पोलक्याच्या आत सारली.

पुढचे दिवस असे गेले की सांगताना माझाच जीव थाऱ्यावर राहत नाही. अक्काला अधूनमधून शुद्ध यायची, एखाद्या सकाळी ती नवऱ्याला ओळखायची. त्या दिवशी चहा विचारायची, औषध घेतलं का विचारायची, आणि सारा दिवस पदर गळ्याशी घट्ट धरून बसायची. ज्या दिवशी ओळखत नसे त्या दिवशी माळ बाहेर काढायची, "दादा, बगा, आईची हाय," म्हणून एकेक रुपया दाखवायची. भावजी सकाळी माझ्या दाराशी येऊन विचारायचे, "आज वळखतीया का?" त्यांना कुठलं उत्तर हवंय हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांना तरी कळलं असेल का, कोण जाणे.

गेल्या हिवाळ्यात भावजी गेले. झोपेतच. अंगणात माणसं जमली, अक्काला आणून बसवलं. तिनं चेहरा निरखून पाहिला. "कोन गं ह्ये? दादा न्हवं?" मी मान डोलावली. ती रडली, हुंदके देऊन रडली. म्हणाली, "लय भला मानूस. शेवटपर्यंत सांगितलं न्हाई बग कुनाला." बायका कुंकू पुसायला पुढं झाल्या, मी आडवी आले. तिचा नवरा तिच्यापुरता ड्यूटीवर गेला होता. ज्या बाईला आपण विधवा झालोय हेच ठाऊक नाही तिचं कुंकू पुसून कुणाचं भलं होणार होतं?

आता अक्का माझ्याकडंच असते. दिवसभर बरी असते. दिवेलागण झाली, रस्त्यावर एस.टी.चा हॉर्न ऐकू आला की तिची चलबिचल सुरू होते. माळ पोलक्यात सारते, पदर ओढून घेते, दाराकडं बघत राहते. मी तिच्याजवळ जाऊन बसते. म्हणते, "अक्का, आज मुक्कामी गाडी हाय भावजींची. सांगलीलाच राहणार."

"व्हय?" ती म्हणते. "निरोप आला?"

"आला."

मग ती माळ बाहेर काढते. थोडा वेळ रुपये वाजतात. आणि मग म्हणते, "जेवला असंल का गं तिकडं?"