माझा कर्ण पंधरा आला नाही

जर्नलातलं ते पान मी फाडलं नाही. सरांनी सांगितलं, मावशीनं सांगितलं, मैत्रिणींनी तर हातापाया पडून सांगितलं. नाही फाडलं. उद्या पुन्हा तीच वेळ आली तरी फाडणार नाही.

सत्तरच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. पारनेरकडच्या आमच्या गावातून नगरला सायन्सला गेलेली मी पहिलीच मुलगी. सावेडीला मावशीकडे राहायचं आणि तिथून तंगड्या तोडत कॉलेज गाठायचं. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांनी पाठवतानाच बजावलं होतं, "एक वरीस देतो. पास झालीस तर फुडचं बघू. न्हाई तर सोयरीक आलेली हाय, मग मी कुनाला न्हाई म्हननार न्हाई." सोयरीक कुठली, मुलगा कोण, सगळं मला ठाऊक होतं. म्हणून तर मी जीव तोडून अभ्यास करत होते. वर्ष वाया गेलं की मी चुलीपुढं, एवढं सरळ गणित होतं.

प्रयोग होता बलांच्या समांतरभुज चौकोनाचा. शाळेत आम्ही सदिश शिकलो, कॉलेजात त्याला व्हेक्टर म्हणायचे, पण गोष्ट तीच. शंभर आणि शंभर मिळून दर वेळी दोनशे होत नाहीत, कोण कुठल्या दिशेला ओढतंय त्यावर ठरतं. हे मला पुस्तकाच्या आधीच माहीत होतं. भरलेली बादली आम्ही दोघी बहिणी दोन बाजूंनी धरायचो, आणि जरा लांब लांब होऊन चाललो की बादली तीच, पण हात गळून जायचे.

प्रयोगाला एक उभी फळी होती, वरच्या दोन कोपऱ्यांत दोन लहान कप्प्या. एका दोऱ्याची दोन टोकं त्या कप्प्यांवरून खाली सोडलेली आणि दोन्हीकडे शंभर-शंभर ग्रॅमची वजनं. मधे गाठ मारून तिसरा दोरा, त्याला दीडशे ग्रॅम. मागच्या कागदावर दोऱ्यांच्या खुणा करायच्या, शंभराला दहा सेंटिमीटर धरून दोन बाजू काढायच्या, चौकोन पुरा करायचा आणि कर्ण मोजायचा. तो पंधरा सेंटिमीटर यायला हवा, आणि सरळ खालच्या दोऱ्याच्या रेषेत. माझा आला सोळा पूर्णांक तीन, वर उजवीकडे कललेला. तीन वेळा केलं. एकदाही पंधराच्या जवळपास फिरकला नाही.

बाकीच्या वर्गाला ही चिंताच नव्हती. आदल्या वर्षीच्या जर्नलातून आकडे उतरवायचे आणि चहाला जायचं. सगळ्यांचा कर्ण पंधरा. एकाचा तरी चौदा पूर्णांक नऊ यावा की नाही? छे!

डेमॉन्स्ट्रेटर सरांनी माझं जर्नल बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"उत्तर पंधरा आहे, माहीत आहे ना?"

"आहे, सर."

"मग आण की."

"येत नाही, सर."

"सगळ्यांचं येतं, तुझंच कसं येत नाही?"

"त्यांचंही येत नाही, सर. ते लिहितात."

मागे खसखस पिकली आणि सरांचे कान लाल झाले. माझी जीभ पहिल्यापासून तिखट, काय करणार!

मी पुन्हा फळीपाशी गेले. गाठ बोटानं खाली ओढली आणि सोडली. ती उसळून परत जागेवर यायला हवी होती. आली नाही, सोडली तिथंच राहिली. उजवी कप्पी जाम होती. मी ते तिथल्या तिथे जर्नलात लिहून टाकलं: उजवी कप्पी नीट फिरत नाही, म्हणून फरक आला.

झालं! सर भडकले. परीक्षेला बाहेरचे परीक्षक येणार, ते जर्नलं चाळणार, त्यांना हे दिसलं तर लॅबची अब्रू जाणार. "हे पान फाड. दुसरं लिही. नाही तर सही मिळणार नाही." आणि सही नसलेलं जर्नल असेल तर परीक्षेला बसू देत नसत.

मी फाडलं नाही. पंधरा दिवस सही अडली. मावशीनं घाबरून दादांना पत्र टाकलं, आणि एका सकाळी दादा धुवट टोपी घालून एस.टी.नं हजर झाले. कॉलेजच्या रस्त्यानं मला म्हणाले, "एका आकड्यापायी वरीस घालवतीस व्हय? मी हात जोडतो सायबाला. तू गप ऱ्हा." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं मी लिहायचं नाही म्हणत होते आणि हात माझ्या बापानं जोडायचे! पण दादांपुढे बोलायची टाप नव्हती. गप चालत राहिले.

लॅबमध्ये दादांनी खरोखर हात जोडले. सर खुशीत आले. "मुलगी हुशार आहे हो, पण फार हट्टी."

"लई हट्टी," दादा म्हणाले. मग त्यांची नजर फळीकडे गेली. "ह्योच का त्यो प्रयोग?"

मी मान हलवली. दादा जवळ गेले. त्यांनी गाठ ओढली, सोडली. पुन्हा ओढली. मग उजव्या कप्पीवर अंगठा ठेवून ती फिरवायला बघितली. उभा जन्म विहिरीवर मोटेच्या चाकाशी गेलेला माणूस तो.

"सायेब, ह्ये चाक धरतंय."

"मला माहीत आहे," सर म्हणाले.

मी बघतच राहिले. माहीत आहे?

"नवीन मागवलंय, अजून आलेलं नाही. पण नियम काय बदलतो का? उत्तर पंधराच. तिनं पंधरा लिहिलं तर खोटं कुठं झालं?"

दादांनी टोपी काढली, पुन्हा घातली. आता हे म्हणणार, फाड पोरी, आणि मग मी काय करणार होते ते मलाच माहीत नव्हतं.

"सायेब, वरीस गेलं तर पोरीला फिरून ह्याच वर्गात बसता येतं का?"

"येतं की."

"मंग बसंल," दादा म्हणाले. टेबलावरचं माझं जर्नल त्यांनी उचललं, काखेत मारलं आणि दाराकडे चालू लागले.

त्या वर्षी मी परीक्षेला बसले नाही. सगळा वर्ग पास झाला. गावात बायका नाकं मुरडून म्हणाल्या, गेलती नगरला, आली हात हलवत. मला रडू यायचं, खोटं कशाला बोलू? पान फाडलं नाही याचं नाही, वर्ष गेलं त्याचं.

उन्हाळ्यात सोयरिकीची माणसं आली. मी आत कान देऊन उभी होते. दादांनी त्यांना ओट्यावरच बसवून पाणी दिलं आणि म्हणाले, "पोरगी अजून पयल्याच वर्साला हाय. लई वरसं लागतील. तुमी दुसरीकडं बघा."