सुवर्णाची एका गिअरची सायकल

सुवर्णा माझी धाकटी जाऊ. इथे परदेशात, श्रूजबरीत, आमची घरं जवळजवळ आहेत. ती कंपनीत सॉफ्टवेअर तपासते आणि सुट्टी असली की घरामागच्या जंगलात सायकल चालवते. सायकल तिनेच जुळवलेली. पुढे एक दातेरी चाक, मागे एक, मधे चेन. गिअर बदलायची सोय नाही आणि पुढच्या चाकाला धक्के झेलणारा शॉकही नाही, साधा पोलादी चिमटा. अशा सायकलीला रिजिड म्हणतात, म्हणजे ताठर.

मी एकदा विचारलं, एवढा त्रास कशाला? ती म्हणाली, इथे पाऊल टाकावं तिथे दगड नाहीतर मुळं. गिअरची नाजूक यंत्रणा दगडावर आपटून वाकते, शॉकमधे चिखल जातो. तिच्या सायकलीत बिघडण्यासारखं फारसं काही नाही. चढ आला की उभं राहून पाय रेटायचे, उतारावर कोपरं सैल सोडून धक्का अंगावर घ्यायचा. मला पटलं.

माझा दीर रवींद्र याला मात्र त्या सायकलीची लाज. इथल्या मराठी मंडळातले लोक गिअरच्या भारी सायकली फिरवतात, आपली बायको ही घेऊन जाते. प्रत्येक पार्टीत त्याचा एकच विनोद: "बायको रिजिड, सायकलही रिजिड." लोक हसायचे. सुवर्णा ताटं वाढायची.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती उतारावर पडली आणि मनगट मोडलं. ब्रेक लागलेच नाहीत, असं तिने मला हॉस्पिटलात सांगितलं. रवींद्रने ते ऐकूनही घेतलं नाही. घाबरली असेल, म्हणे. गिअर नाही, शॉक नाही, पडणारच. फोनवर ज्याला त्याला हेच सांगत सुटला. आणि तिला न विचारता सायकल हिमानीला देऊन टाकायचं कबूलही केलं. हिमानी मंडळातली, तिच्या मुलाला हवी होती.

हिमानी सायकल न्यायला आली तेव्हा मी तिथेच होते. सुवर्णा प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून गॅरेजमधे आली. पडल्यापासून सायकल तिने पाहिलीच नव्हती. चाकाच्या मधोमध जी पोलादी चकती असते, जिला ब्रेक दोन्हीकडून चिमटा घेतो, ती तिने बोटाने पुसली. बोट लाल आणि तेलकट.

हे काय, म्हणून तिने विचारलं. रवींद्र अगदी मोकळेपणाने म्हणाला, पूजा केली होती ना. दसऱ्याला ती माझ्याकडे पुरणपोळ्या लाटत होती, तेव्हा याने दोन्ही गाड्यांना हळदकुंकू वाहिलं, हार घातले. मग सायकलचीही पूजा केली. चकती सुदर्शनासारखी दिसली, म्हणून तेलात कुंकू कालवून दोन्ही चकत्यांना लावलं. भरपूर.

सुवर्णाने मला चाक उचलून फिरवायला सांगितलं आणि चांगल्या हाताने ब्रेक दाबला. लिव्हर घट्ट, पण तेलावरून ब्रेक घसरतोय, चाक फिरतंच आहे. हिमानी दोन पावलं मागे सरली.

"म्हणजे देवाच्या पूजेने पडलीस म्हणायचं का?" रवींद्र म्हणाला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी रोज देवापुढे दिवा लावते, एकादशी करते. पण देवाला असं पुढे करून मागे लपायचं? शस्त्राची पूजा करायची तर शस्त्र काय आहे ते आधी समजून घ्यावं. बंदुकीच्या नळीत कोणी नारळ कोंबतं का? मी हेच त्याला तोंडावर ऐकवलं.

सुवर्णाचा आवाज चढला नाही. "पूजेने नाही. मला न विचारता हात लावलास, आणि मी सांगत होते ते ऐकलं नाहीस, म्हणून. आणि आता हीच दुसऱ्याच्या पोराला देत होतास."

मग ती हिमानीकडे वळली, सायकल द्यायची नाही म्हणाली, आणि तिच्यासमोरच रवींद्रला म्हणाली, "ज्यांना ज्यांना फोन करून मी का पडले ते सांगितलंस, त्यांना आता खरं सांग. आधी उल्हासदादांना."

उल्हास म्हणजे माझे यजमान. रवींद्रने फोन लावला, हवापाण्याचं बोलला, माझं नाव घेतलं, परत हवापाणी. सुवर्णा समोर उभीच. शेवटी त्याने पाठ फिरवली आणि हळू आवाजात म्हणाला, "दादा, ब्रेकला तेल मी लावलं होतं."

"ऐकू गेलं नसेल," सुवर्णा म्हणाली. "परत सांग."