जलोरीला दोनदा

दिल्ली सपाट आहे. इतकी सपाट की माझ्या रोजच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा चढ म्हणजे आमच्या तिसऱ्या मजल्याचा जिना, आणि तो मी सायकल खांद्यावर घेऊन चढते. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरखाली सायकली ठेवायला जागा आहे, नाही असं नाही. पण पन्नाशीला आलेल्या बाईने हौसेने घेतलेली सायकल खाली ठेवली तर तिला झोप लागत नाही. नवरा म्हणतो, "उशाशीच घे ना, पांघरूण घाल."

नोकरी मानेसरला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या अकाउंट्समध्ये. कंपनीच्या बसमध्ये बसून जायचं, दिवसभर बसायचं, बसूनच परत यायचं. टेबलाखाली माझा पाय सारखा हलत असतो. शेजारचा सहकारी एकदा पाण्याच्या बाटलीकडे बघत म्हणाला, "मॅडम, भूकंप है या आप हैं?"

घरात माझी ख्याती अर्धवट कामांसाठी आहे. लेक तिसरीत असताना तिच्यासाठी विणायला घेतलेला स्वेटर पाठ आणि एक बाही एवढाच झाला. आता ती कॉलेजात आहे आणि आलेल्या पाहुण्यांना तो काढून दाखवते. जर्मनचा क्लास स्वतःचं नाव सांगण्यापर्यंत पोचला. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुटीत हिमाचलला जाऊ आणि जलोरीची खिंड मी सायकलने चढेन, असं जाहीर केलं तेव्हा कोणी हसलंसुद्धा नाही. नवरा फक्त म्हणाला, "चालेल. मी गाडी घेऊन मागे असेन. शेजारची सीट रिकामी ठेवतो, मध्येच बसावंसं वाटलं तर."

ती रिकामी सीट माझ्या डोक्यातून गेली नाही. शोजा नावाच्या गावापासून माथ्यापर्यंतचा शेवटचा चढ असा आहे की गाड्याही पहिल्या गिअरमध्ये कण्हत जातात. तो पाय न टेकता चढायचा, असं मी ठरवलं. सायकलवाल्यांत तसाही तो नियमच आहे: पाय टेकला की खिंड तुमची नाही. एक तरी गोष्ट मला पुरती करायची होती.

सरावासाठी रविवारी पहाटे हिंदूरावच्या टेकडीवर जाऊ लागले. रुग्णालयाकडे चढत जाणारा रस्ता आहे, फार मोठा नाही, पण दिल्लीत मिळेल त्या चढाला चढ म्हणायचं. वर जायचं, खाली यायचं, पुन्हा वर. दोनतीन रविवारांनी फाटकावरच्या रखवालदाराने मला थांबवलं. "मॅडम, पेशंट का नाम बताइए, मैं पूछ के आता हूँ." पेशंट मीच आहे, हे त्याला कसं सांगणार?

सुटीत निघालो. गाडीत दशम्या, भडंग, चटणीचे डबे, वर माझी सायकल, मागे कानात हेडफोन घातलेली लेक. शोजाला मुक्काम केला. रात्रभर मी कूस बदलत होते. शेवटी नवरा म्हणाला, "हवं तर आत्ताच जाऊन चढून ये. निदान मला तरी झोपू दे."

सकाळी निघाले. पहिल्या वळणांना फार वाईट गेलं नाही. नवरा गाडी मागे ठेवून हळूहळू येत होता आणि दर थोड्या वेळाने काच खाली करून विचारत होता, "ठीक आहेस ना? पाणी? सीट रिकामी आहे हं."

"तू पुढे जा," मी म्हटलं. "वर जाऊन जेवण सांग."

"नक्की?"

"अरे, तुझ्या गाडीच्या क्लचचा वास येतोय. जा."

ते दोघं गेले. आणि मग रस्ता खरा रस्ता झाला. डांबर संपलं, खडी लागली, चढ छातीवर आला. कठडा मोडलेल्या एका वळणावर माझा श्वास संपला आणि पाय जमिनीवर आला. मी ठरवून टेकवला नाही. तो आपोआप आला, मानेसरच्या टेबलाखाली आपोआप हलतो तसाच.

तिथून मी सायकल ढकलत चालले. बरंच चालले. माथ्याच्या आधीच्या वळणावर, जिथून वरचे ढाबे दिसतात, तिथे पुन्हा सायकलवर बसले. वर पोचले तेव्हा लेक व्हिडिओ काढत होती. "आई, यार, तू तो छा गई," ती म्हणाली, आणि तो व्हिडिओ तिने लगेच कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. पुण्याहून नणंदेने लिहिलं, "वहिनी, आता स्वेटरचं बघा."

समोर राजमा-चावल आला. मला घास जाईना. मी उठले, माथ्यावरच्या देवीच्या मंदिरापर्यंत गेले, परत आले, बसले, पुन्हा उठले.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"मी चालत आले. मधलं."

लेकीने फोनवरून मान वर केली. "पण व्हिडिओत तर तू चालवतेयस."

"तेवढंच चालवलं."

नवरा जेवत राहिला. "किती चाललीस?"

"मोडक्या कठड्यापासून."

त्याने येताना तो कठडा पाहिला असावा, कारण त्याने चमचा खाली ठेवला. "ग्रुपवर सांगायचंय का?"

मी तिथेच लिहून टाकलं, शेवटचा चढ बराचसा चालत आले. नणंदेने त्यावरही टाळ्यांची चित्रं पाठवली. कोणालाच काही फरक पडत नव्हता. त्यामुळे माझी चुळबुळ आणखीच वाढली.

"मी खाली जाते," मी म्हटलं. "कठड्याच्याही खाली, जिथे डांबर आहे तिथवर. आणि परत चढते."

"आज मुक्काम खिंडीच्या पलीकडे आहे. खोली बुक केलीय. आणि वर बघ, ढग येतायत."

"मग?"

"मग परत चालावं लागलं तर?"

"तर परत खाली जाईन."

"म्हणजे आम्ही इथेच घर आणि हिचं कॉलेज बघून ठेवू का?" तो म्हणाला. मग ताट माझ्याकडे सरकवलं. "खाऊन जा. अर्धपोटी नको."

खायला नको होतं. राजमा घेऊन चढणं म्हणजे पोटात आणखी एक सायकल घेऊन चढणं. खाली उतरताना ब्रेक दाबून बोटं बधिर झाली. डांबर संपतं तिथे वळले आणि स्वतःला काही न सांगता पेडल मारायला लागले. सांगितलं असतं तर वादच घातला असता.

कठडा आला. या वेळी मी सरळ गेले नाही, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तिरकी तिरकी गेले, साप जातो तशी. श्वास संपला. संपल्यावरही थोडा निघतो, हे मला माहीत नव्हतं. कठडा मागे पडला.

पुढच्या वळणावर समोरून नवरा येताना दिसला. चपला घालून, पोट सांभाळत, हातात माझं जॅकेट. तो वळला आणि माझ्या बाजूने चालायला लागला. मी सायकल चालवत होते, तो चालत होता, आणि तो पुढे जात होता.

"जरा हळू," मी कशीबशी म्हटलं.

"हळूच चालतोय."

"आणखी."

तो हळू झाला. समोरून गाडी आली की हात वर करून तिला थांबवायचा, मी तिरकी निघून गेले की जाऊ द्यायचा. एका गाडीतून कोणी विचारलं, "भाईसाहब, मॅडम की तबियत ठीक है?"

"बिल्कुल नहीं," नवरा म्हणाला. "आप चलिए."

माथा आला. ढाब्यांसमोर गाड्या उभ्या करायची थोडी सपाट जागा आहे. मी तिथे पोचले, आणि पाय टेकायचा राहिला. टेकला की संपलं. मॅगी खाणाऱ्या लोकांमधून, उभ्या गाड्यांना वळसा घालून मी गोल फिरत राहिले. लेकीचा फोन चार्जिंगला होता; ती हातावर हनुवटी टेकून नुसती बघत होती.

"झालं ना?" नवरा धापा टाकत म्हणाला. चढून दमला होता तो. "उतर आता. खोली जाईल."

"उतरते," मी म्हटलं, आणि आमच्या गाडीमागून आणखी एक फेरी घेतली.