रॉकेटं नसलेलं जग

भाद्रपदात एका मंगळवारी सकाळी दौंडच्या दवाखान्यात माझी बहीण गेली. तिला डेंग्यू झाला होता. मी शिरूरहून निघाले होते. एसटी न्हावऱ्याच्या पुढे आली तेव्हा आबांचा फोन आला. ते म्हणाले, "बाय, आता सावकाश ये."

ती माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. मी शिरूरच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. ती पुण्यातल्या एका संस्थेत पीएच.डी. करत होती आणि शनिवार-रविवार गावी, राहूला, आई-आबांकडे यायची. रॉकेटच्या उड्डाणांचा वातावरणावर आणि हवामानावर काय परिणाम होतो, हा तिचा विषय. प्रबंधाची तीन प्रकरणं लिहून झाली होती. चौथं, ज्याच्यासाठी आधीची तीन होती, ते अजून आकड्यांच्या रूपात तिच्या लॅपटॉपमध्ये होतं. दिवाळीनंतर ते लिहायला घेणार होती.

गावात तिचं काम कुणाला नीट सांगता यायचं नाही. रॉकेट म्हटल्यावर लोकांना वाटायचं, ही रॉकेट बनवते. डेअरीवर दूध घालायला गेली की कुणीतरी हमखास विचारायचं, "काय मॅडम, तुमचं रॉकेट कवा उडतंय? आमच्या चेअरमनला बसवा की त्यात. परत नाय आणलं तरी चालंल." ती हसायची. मी उडवत नाही, ते उडून गेल्यावर मागे काय राहतं ते बघते, असं सांगायची. मग तो विषय तिथेच संपायचा, कारण मागे काय राहतं याच्यात कुणाला फारसा रस नसायचा.

आबांना मात्र होता. आमचं गुऱ्हाळ आहे. गुऱ्हाळांच्या धुराबद्दल तक्रारी व्हायला लागल्यापासून आबा धुराच्या बाबतीत हळवे झाले होते. एकदा काहिलीत रस उकळत होता, माणूस चुलवाणात चिपाडं सारत होता आणि आबांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, आमचा धूर जास्त का तुझ्या रॉकेटचा.

"धूर तुमचाच जास्त, आबा," ती म्हणाली. "पण तुमचा पाऊस पडला की खाली येतो. त्यांची काजळी ढगांच्याही वर जाते. तिथं पाऊसच नाही. मग ती वर्षानुवर्षं तिथंच राहते आणि ऊन पीत बसते."

आबांनी थोडा विचार केला. "म्हंजी आमचा धूर सज्जन हाय," ते म्हणाले. पुढे कितीतरी दिवस गुऱ्हाळावर आलेल्या प्रत्येकाला ते हे ऐकवत होते, आणि ते तिच्या नावावर खपवत होते.

ती गेली त्या वर्षी मे महिन्यात ती माझ्याकडे शिरूरला आली होती. आम्ही गच्चीवर कुरडया घालत होतो. सोऱ्या तिच्या हातात होता आणि कुरडया वेड्यावाकड्या पडत होत्या. तेव्हा मी तिला विचारलं की रॉकेटमुळे काही होतं हे तू सिद्ध कसं करणार, आकाशात जाऊन बघता तर येत नाही. तिने सोऱ्या खाली ठेवला. म्हणाली, एका मोठ्या यंत्रावर आम्ही जग तयार करतो. समुद्र, वारे, ढग, पाऊस, सगळं आकड्यांचं. ते जग रॉकेटांशिवाय वीस वर्षं चालवायचं. मग तेच जग पुन्हा पहिल्यापासून वीस वर्षं चालवायचं, पण आता रॉकेटांसकट, आणि रॉकेटं दर वर्षी वाढत जाणारी, जशी खरोखर वाढताहेत तशी. मग एकातून दुसरं वजा करायचं. जे उरेल ते रॉकेटांचं.

मी म्हटलं, म्हणजे वजाबाकीच की.

"हो ना ताई. एवढं शिकून शेवटी वजाबाकी."

वीस वर्षं कशाला, दोन पुरणार नाहीत का, असंही मी विचारलं होतं. ती म्हणाली, नाही. हवेच्या स्वतःच्या लहरी इतक्या असतात की एक-दोन वर्षांत रॉकेटांचं काय आणि लहरींचं काय ते ओळखूच येत नाही. पुष्कळ वर्षं जाऊ द्यावी लागतात. मग मीठ कमी पडलंय म्हणाली आणि पुन्हा सोऱ्या घेतला.

श्रावणात तिचा फोन आला. दुसरं जग पुरं झालं होतं. ती एरवी फोनवर हळू बोलायची. त्या दिवशी तिचा आवाज मोठा होता. "ताई, फरक दिसतोय," ती म्हणाली. कशात फरक, असं मी विचारलं. ओझोनमध्ये, की आपल्या पावसात? ती म्हणाली, फोनवर नाही, आल्यावर चित्र काढून दाखवते. तिचे मार्गदर्शक तेव्हा परदेशात होते. त्यांनाही ते परतल्यावरच दाखवायचं तिने ठरवलं होतं. त्यांच्या आधी तू बघशील, असं मला म्हणाली.

त्यानंतर ताप आला.

आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या वापरातल्या वस्तू तेराव्यापर्यंत देऊन टाकतात. चपला, अंथरूण, कपडे. ज्याला गरज आहे आणि जो खरंच वापरेल अशाला. वस्तू चालती राहिली पाहिजे, पडून राहिली तर गेलेल्या माणसाचा जीव तिच्यात अडकतो, असं आई म्हणते. मला हे पटतं की नाही, याचा विचार मी त्या दिवसांत केला नाही. तिचे ड्रेस मीच घड्या करून दिले. स्वेटर शेजारच्या सुनेला दिला. मी आणि आई आतल्या खोलीत हे करत होतो तेव्हा आबा बाहेर बसून लॅपटॉपचा विचार करत होते.

आमच्या भावकीतल्या एकाची मुलगी त्या वर्षी इंजिनिअरिंगला लागली होती. तिचे वडील सणसवाडीला एका कंपनीत कंत्राटावर काम करतात आणि तिथेच खोली घेऊन राहतात. घरी आठवड्याने येतात. मुलगी मोबाईलवर वाचून अभ्यास करत होती. बारावीला तिला गणित माझ्या बहिणीनेच शिकवलं होतं. लॅपटॉप द्यायला याहून योग्य माणूस साऱ्या गावात नव्हतं. आबा स्वतः तो घेऊन दौंडला गेले. स्टेशनजवळच्या दुकानात त्यांनी तो साफ करून घेतला, म्हणजे आतून. पोरीला तो नवा वाटला पाहिजे, आणि उघडल्यावर गेलेल्या माणसाचे फोटो तिच्या पुढ्यात यायला नकोत, एवढंच त्यांच्या मनात होतं.

तेराव्याला त्यांनी लॅपटॉपला हळदीकुंकू लावलं आणि नव्या बॅगेत घालून तो मुलीच्या हातात दिला. ती त्यांच्या पाया पडली. मांडवातली सगळी माणसं रडली. मीही रडले. मला वाटलं, या सगळ्या दिवसांत एवढी एकच गोष्ट नीट झाली.

काही दिवसांनी मी पुन्हा कामावर जायला लागले. ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं लावत होते तेव्हा तिच्या मार्गदर्शकांचा फोन आला. त्यांनी बराच वेळ तिच्याबद्दल सांगितलं. मग म्हणाले की त्यांनी विद्यापीठात बोलून ठेवलंय. चौथ्या प्रकरणाचे आकडे मिळाले तर ते स्वतः ते प्रकरण लिहून प्रबंध तिच्या नावाने दाखल करतील आणि पदवी तिच्या नावाने मिळेल. पहिलं जग, रॉकेटं नसलेलं, त्यांच्या डिस्कवर आहे. दुसरं तिच्या लॅपटॉपवर आहे. मोठ्या यंत्रावर काही ठेवता येत नाही, तिथल्या फायली मुदत संपली की आपोआप पुसल्या जातात, आणि ती मुदत संपली होती. दुसऱ्या जगासाठी तिने नवी डिस्क मागवली होती, ती संस्थेत येऊन पडली आहे. तेव्हा लॅपटॉप फक्त पाठवून द्या.

मी हो म्हटलं. मग मी खुर्चीवर बसले. एक विद्यार्थी पुस्तक घेऊन उभा होता, तो थोडा वेळ थांबला आणि पुस्तक टेबलावर ठेवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून दौंडला गेले. दुकानदार तरुण होता, आबांना ओळखणारा. मी कोण ते कळल्यावर उठून उभा राहिला, चहा सांगितला. मी त्याला विचारलं की आतलं काही कुठे उतरवून ठेवलं होतं का.

"ताई, मी इचारलं हुतं आबांना, बॅकप घ्यायचा का म्हणून," तो म्हणाला. "ते म्हणले, माणूसच न्हाई ऱ्हायलं, तर बॅकप कुणाचा घेतूस."

त्याने मन लावून काम केलं होतं. दोनदा पुसलं होतं, कारण आबांनी दोनदा सांगितलं होतं. पुण्यात पुसलेलं परत काढून देणारे लोक असतात, असं त्याने सांगितलं, पण सांगताना त्याने मान खाली घातली होती.

तिथून राहूला गेले. मुलगी ओट्यावर लॅपटॉप उघडून बसली होती, कॉलेजचं काही लिहून काढत होती. मी कशी सुरुवात करावी याचा वाटेत पुष्कळ विचार केला होता, तो वाया गेला. अर्धं बोलणं झालं तोवर तिने वायर काढली, ओढणीने पडदा पुसला आणि लॅपटॉप बॅगेत घालून माझ्यापुढे धरला. "ताईंचाच हाय," ती म्हणाली. "न्या. माझं मोबाईलवर भागतंय." तिची आई दारात उभी होती.

पुण्यात असं पुसलेलं काढून देणाऱ्या माणसाने लॅपटॉप ठेवून घेतला आणि आठवड्याभराने मला बोलावलं. त्याने पडदा माझ्याकडे वळवला. फायलींची काही नावं वर आली होती. दुसऱ्या जगाच्या फायलींना तिने इंग्रजी अक्षरांत 'धूर' असं नाव दिलेलं होतं आणि पुढे वर्षाचा आकडा. धूर एक, धूर दोन, असं खाली खाली. त्याने एक उघडून दाखवली. आत काही नव्हतं. दुसरी उघडली. मी त्याला म्हटलं, सगळ्या उघडा. त्याने उघडल्या. एकीतही काही नव्हतं.

येताना लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. तो कुणाचा आहे हे मला त्या दोन-तीन तासांत ठरवता आलं नाही. राहूला उतरून तो मुलीला परत दिला.

गावात लॅपटॉप असा नेलेला आणि आणलेला लपत नाही. मी घरी न जाता आधी गुऱ्हाळावर गेले, कारण आबा तिथे होते. सुतकानंतर गुऱ्हाळ पुन्हा सुरू झालं होतं. आबा चुलवाणाच्या बाजूला खाटेवर बसले होते. त्यांनी मला बसायला जागा केली. बराच वेळ आम्ही काहिलीकडे बघत होतो. रसावरची मळी काढायचं काम चाललं होतं.

"त्यात काय हुतं?" त्यांनी विचारलं.

"तिचं काम होतं, आबा."

"समदं?"

"शेवटचं."

माणसाने चिपाडांचा नवा भारा चुलवाणात सारला आणि वर धुराड्यातून काळा लोट निघाला. आबांनी मान वर करून तो बघितला, तो पातळ होईपर्यंत बघितला. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "त्या पोरीला परत दिलं न्हवं?"

मी हो म्हटलं.

"मग बरं," ते म्हणाले, आणि उठून काहिलीकडे गेले. त्यांना उठायला खाटेच्या माच्याचा आधार घ्यावा लागला. गुळव्याने त्यांना काहीतरी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं, ते मला ऐकू आलं नाही.

मार्गदर्शकांना मीच फोन करून सांगितलं. दुसरं जग पुन्हा चालवता येईल का, असं मी विचारलं. येईल, ते म्हणाले. पण कोणतं रॉकेट, कोणतं इंधन, किती उंचीवर किती काजळी, हा सगळा हिशेब तिने नव्याने बसवला होता, आणि तो हिशेबही त्या लॅपटॉपमध्येच होता. त्यांच्याकडे आहे तो जुना. एक दुसरा विद्यार्थी आता हा विषय घेणार आहे. तो आपल्या पद्धतीने आकडे मांडेल, आणि जे निघेल ते त्याचं असेल. तिचं म्हणता येणार नाही. तीन प्रकरणांवर प्रबंध स्वीकारला जात नाही. त्यांनी प्रयत्न केला होता. नव्या कामात तिचे आभार मानले जातील, असं त्यांनी सांगितलं, आणि हे सांगताना त्यांना अवघड वाटत होतं हे मला कळत होतं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. कुणाचंच चुकलेलं मला सापडत नाही. सापडलं असतं तर राग तरी धरता आला असता.

आता कुठे रॉकेट उडालं की आमच्या वाचनकक्षातली मुलं मोबाईलवर ते बघतात. उलटे आकडे मोजले जातात, मुलं टेबलावर हात आपटतात. मी त्यांना गप्प करायला जाते आणि त्यांच्या मागे उभी राहून बघते. खालचा जाळ दिसतो, मग धुराची रेघ, मग कॅमेरा त्या रेघेवरून हलतो आणि रॉकेटच्या मागे वर जातो. रेघेचं पुढे काय होतं ते दाखवत नाहीत. एवढंच मला तिच्याकडून कळलेलं आहे की ती तिथे असते.

तिला कशात फरक दिसला होता, ते मला माहीत नाही. तो बघितलेली ती एकटीच होती.

तीन प्रकरणं छापील आहेत, ती शिरूरला माझ्या कपाटात आहेत. रॉकेटं नसलेल्या जगाची वीस वर्षं तिच्या मार्गदर्शकांकडे आहेत. लॅपटॉप राहूला आहे, आणि चालू आहे.